पंधरा ग्रॅमचे विमान

(मंडळाच्या गरौठा येथील वासंतिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या व्यासपीठावरून दोन शब्द बोलण्याची संधी मिळावी, हे मी माझे भाग्य समजतो. मात्र वक्ता टपाल खात्यातील अधिकारी आणि विषय खेळण्यातील विमानाचा, ही सांगड काही मंडळींना विजोड वाटण्याचा संभव आहे. मी वाङ्मयाचा बी. ए. आहे. विमानविद्येची कोणतीही पदवी माझ्यापाशी नाही. परंतु नोकरीच्या निमित्ताने जेथे जेथे बदली झाली, तेथे तेथे बिछान्याच्या वळकटीबरोबर एक पत्र्याची पेटीही माझ्यासमवेत गेली. तीत ब्लेडची पाकिटे, टाचण्या, रबराची गुंडाळी आणि बाल्सा नावाच्या लाकडाच्या काही पातळ फळ्या एवढाच ऐवज असतो. पेटी उचलणाऱ्या हमालाने प्रत्येक वेळी ती रिकामी समजावी, इतकी ती हलकी आहे. आणि आजच्या माझ्या विषयाचा सारा मथितार्थ त्या हलकेपणातच आहे.

मेळावा झाशी शहरात न भरवता येथे, गरौठ्यात, भरविण्याचे कार्यकारिणीने ठरविले याबद्दल मी तिचे अभिनंदन करतो. शेजारच्या गुरसरायच्या खेर घराण्यामुळे या तहसिलीला मराठी बोल नवा नाही. गोविंद बल्लाळ खेर, म्हणजेच गोविंदपंत बुंदेले, यांच्या काळापासून बेतवा आणि धसान या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात मराठी घरे नांदत आली. त्यांतील कित्येकांची घरची भाषा आज बुंदेली झाली आहे, आणि मराठी उरली आहे ती देवघरात, लग्नमुंजीत आणि आजीच्या तोंडी. त्याविषयी पुढे थोडे बोलेन.

प्रथम एक व्यवहाराची गोष्ट. सुवर्णमहोत्सवानिमित्त मुलांसाठी काही करावे म्हणून कार्यकारिणीपुढे दोन सूचना आल्या आहेत. एक, बाहेरून ड्रोनचे खेळ करणारी मंडळी बोलावून एक संध्याकाळ रंगवावी. दुसरी, तेवढ्याच रकमेत वीस मुलांना बाल्साची साधी विमाने स्वहस्ते करावयास शिकवावे. दुसरी सूचना माझी आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. तेव्हा मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. ड्रोन हे उत्तम यंत्र आहे. शेतावर औषध फवारण्यापासून जमिनीच्या मोजणीपर्यंत त्याचा उपयोग होतो, आणि त्याची निंदा करण्याचे मला कारण नाही. परंतु त्याच्या पोटात बसविलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दर सेकंदाला शेकडो वेळा त्याचा तोल सावरीत असते. मुलाच्या वाट्याला येते ती केवळ बोटाची हालचाल. तोल म्हणजे काय, हे त्याला कळण्याची वेळच येत नाही.

मी ज्या विमानाविषयी बोलणार आहे त्याला दोरी नाही, बिनतारी नियंत्रण नाही, बॅटरी नाही. इंग्रजीत त्याला फ्री फ्लाइट म्हणतात. आपण मुक्त उड्डाण म्हणू. हातातून सुटले की ते त्याचे स्वतःचे. नंतर आपण फक्त पाहावयाचे आणि त्याच्यामागे धावावयाचे. त्यामुळे जे काही करावयाचे ते सोडण्यापूर्वीच करावे लागते. पंख किती, शेपटी केवढी, वजन कोठे, नाक कोणत्या दिशेला, हे सारे आधी ठरवून त्याच्या देहातच घालून द्यावे लागते. वाऱ्याने धक्का दिला तर ते आपले आपण सावरले पाहिजे.

ही विद्या पहिल्यांदा साधली ती पॅरिस येथे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी तुइलेरी उद्यानात आल्फोन्स पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारे एक लहानसे विमान सोडले. ते अकरा सेकंद उडाले आणि सुमारे चाळीस मीटर गेले. पंखांचा विस्तार सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर, एकूण वजन सोळा ग्रॅम, आणि त्यात सुमारे पाच ग्रॅम रबराचे. मागे आडवी शेपटी बसवून ती पंखापेक्षा किंचित कमी कोनात ठेवली म्हणजे विमान आपला तोल आपण राखते, हे त्याने प्रत्यक्ष करून दाखविले. आज आपण ज्या प्रवासी विमानातून जातो त्याच्या शेपटीचे कामही तत्त्वतः तेच आहे. बिचारा पेनो १८८० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, निवर्तला. त्याच्या कल्पनेवर बेतलेले बूच, बांबू, कागद आणि रबर यांचे एक उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेत एका पाद्रीसाहेबांनी आपल्या दोन मुलांना आणून दिले. त्या मुलांची नावे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

आपल्या सभेत विमानाचा विषय निघावा आणि शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघू नये, असे होत नाही. आताही मागल्या रांगेत कोणी तरी ते कुजबुजले, ते मी ऐकले. तळपदे हे मुंबईचे कल्पक गृहस्थ (१८६४-१९१६), विमानाच्या ध्यासाने झपाटलेले, याबद्दल मला आदर आहे. परंतु १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर त्यांचे विमान उडाले, या कथेला तपासता येईल असा समकालीन पुरावा उपलब्ध नाही. तिच्याबरोबर ज्या 'वैमानिक शास्त्र' नामक ग्रंथाचा दाखला दिला जातो, त्याची छाननी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये केली. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातील आहे आणि त्यातील विमाने उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मराठी माणसाच्या अभिमानाला यामुळे कमीपणा येतो असे मला वाटत नाही. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधले; ते २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी रीतसर नोंदणी झाली. अभिमान बाळगावयाचा तर तो असा, ज्याचा कागद दाखविता येतो. आमच्या खात्यात पोचपावती नसेल तर पत्र पोचले असे आम्ही म्हणत नाही.

पत्रावरून आठवले. विमानाने टपाल नेण्याचा अधिकृत असा जगातील पहिला प्रयोग आपल्याच प्रांतात झाला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून आंरी पेके हा तेवीस वर्षांचा फ्रेंच वैमानिक सुमारे ६,५०० पत्रे घेऊन निघाला आणि यमुना ओलांडून नैनीस उतरला. अंतर सुमारे दहा किलोमीटर. त्या पत्रांवर 'फर्स्ट एरियल पोस्ट' अशी अक्षरे असलेला खास शिक्का मारला होता. त्या नाजूक विमानाच्या दृष्टीने साडेसहा हजार पत्रांचे ओझे काही थोडके नव्हे. वजनाचा हा हिशेब टपालवाल्याला उपजतच कळतो. आमच्याकडे साध्या पत्राची पहिली पायरी वीस ग्रॅमची असते. त्याच्या वर एक ग्रॅम गेला की जादा तिकीट. माझे विमान मी टपालाच्या काट्यावर तोलतो. ते पंधरा ग्रॅम भरते. म्हणजे एका साध्या पत्राच्या वजनात पंख, शेपटी, पंखा, रबर आणि गोंद हे सारे बसवावयाचे आहे.

इतका आटापिटा कशासाठी, असे कोणी विचारील. विमान थोडे जड झाले तर मजबूत होईल, असे प्रत्येक नवशिक्याला वाटते. येथे गणित उलट आहे. त्याच पंखांवर वजन दुप्पट केले तर हवेत तरंगण्यासाठी विमानाला सुमारे एक पूर्णांक चार पट वेगाने जावे लागते. आणि वजन दुप्पट व वेग वाढलेला, म्हणजे जमिनीवर आपटतानाचा जोर चौपट होतो. पंधरा ग्रॅमचे विमान सायकलच्या चालीने जाते, भिंतीवर आदळले तरी पानासारखे खाली येते, आणि मूल ते उचलून पुन्हा सोडते. तीस ग्रॅमचे विमान पहिल्याच धडकेत नाक फोडून घेते. अशा प्रकारे भक्कम केलेल्या विमानांचे अवशेष मी पुष्कळ गोळा केले आहेत.

येथे बाल्साचे महत्त्व येते. हे झाड मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील. व्यापाराचा माल मुख्यतः इक्वेडोरहून येतो. सहा ते दहा वर्षांत ते तोडणीला येते, इतकी त्याची वाढ झपाट्याची. स्पॅनिश भाषेत बाल्सा म्हणजे तराफा. १९४७ साली थॉर हेयर्दाल यांनी 'कॉन-टिकी' नावाच्या ज्या तराफ्यावरून पॅसिफिक महासागर ओलांडला, तो याच लाकडाचा होता. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांच्या 'मॉस्किटो' विमानाच्या अंगातही प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरलेला असे. आणि अलीकडे पवनचक्क्यांच्या प्रचंड पात्यांत बाल्सा वापरू लागल्यामुळे २०२० च्या सुमारास त्याची टंचाई होऊन भाव कडाडले. त्याची झळ आमच्यासारख्या छंदिष्टांनाही लागली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे झाड आपल्या काटेसावरीचे, येथल्या भाषेत सेमलचे, दूरचे भाऊबंद आहे.

सागाच्या एका घनसेंटिमीटरचे वजन साधारण दोन तृतीयांश ग्रॅम भरते. बाल्साचे एक दशांश ते दोन दशांश ग्रॅम. पण या 'एक ते दोन' मध्येच सारी मेख आहे. एक मिलिमीटर जाडीची, साडेसात सेंटिमीटर रुंद व तीन फूट लांब फळी घेतली, तर एक फळी सात ग्रॅम भरते आणि शेजारची, दिसावयास हुबेहूब तशीच, चौदा ग्रॅम! डोळ्यांना फरक दिसत नाही, काट्याला दिसतो. म्हणून दुकानातून फळ्या आल्या की पहिले काम तोलण्याचे. प्रत्येक फळीवर पेन्सिलीने तिचे वजन लिहावे. हलकी व मऊ फळी शेपटीला, मध्यम पंखाला, आणि जड व कठीण कांडी विमानाच्या दांड्याला. एवढी निवड ज्याने नीट केली त्याचे निम्मे विमान झाले.

गेल्या वर्षी येथल्याच एका घरी मी मुलांना फळ्या दाखवीत बसलो होतो. घरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. नात त्यांच्याशी बुंदेलीत बोलत होती आणि त्याही तिला बुंदेलीतच उत्तरे देत होत्या. माझ्या हातची फळी त्यांनी सहज घेतली, नखाने टोचून पाहिली आणि एकदम म्हणाल्या, "अगंबाई, हे तर भेंड!" नातीला भेंड म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. मग आजींनी पाणथळीत उगवणाऱ्या त्या झाडाच्या गाभ्याची बाशिंगे कशी करीत, तो गाभा कागदासारखा कसा सोलीत, त्यासाठी पात्याला धार कशी लागते, हे सारे सांगितले. आणि ते सांगता सांगता त्या केव्हा मराठीत शिरल्या ते त्यांनाही कळले नाही. भेंड आणि बाल्सा एक नव्हेत. भेंड बाल्साहूनही मऊ, त्याचा दांडा पिळाच्या ताणाखाली टिकणार नाही. परंतु ब्लेड दाबून न कापता अलगद दोन-तीन वेळा फिरवून कापावे, ही बाशिंगवाल्याची रीत बाल्सालाही तंतोतंत लागू पडते. ती मी त्या मुलीला शिकविली नाही. तिच्या आजीने शिकविली. मुलीने त्या दिवशी 'पाते', 'धार', 'कड', 'उभार', 'झोक' असे पाचसात मराठी शब्द वहीत लिहून घेतले. मंडळाने मराठीचे वर्ग चालविण्याचा प्रयत्न मागे केला होता, त्याची हजेरी आपण जाणताच. ज्या शब्दाची हाताला गरज पडते तो शब्द राहतो, असा माझा अनुभव आहे.

आता कृती. मापे सांगतो, बालमित्रांनी लिहून घ्यावीत.

पंख चाळीस सेंटिमीटर लांब व साडेसात सेंटिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाडीच्या फळीचा. लाकडाच्या रेषा पंखाच्या लांबीच्या दिशेने हव्यात; आडव्या ठेवल्या तर पंख बिस्किटासारखा मोडतो. शेपटीचा आडवा पंख सोळा सेंटिमीटर बाय साडेपाच, आणि उभी शेपटी साधारण सहा बाय पाच. दांडा पस्तीस सेंटिमीटर लांबीचा, नऊ मिलिमीटर उंच व चार मिलिमीटर जाड. कडा बारीक पॉलिशपेपरने गोलसर कराव्यात; मात्र घासण्याच्या भरात पंखाची जाडी घालवू नये. ब्लेड वापरताना लहान मुलांजवळ घरातील मोठे माणूस असलेच पाहिजे.

पंख मधोमध कापून दोन भाग करावेत आणि जोडाच्या कडा किंचित तिरप्या घासाव्यात. एक भाग पाटावर सपाट ठेवून त्यावर पुस्तक ठेवावे, दुसऱ्या भागाचे टोक आठ सेंटिमीटर उचलून खाली आधार द्यावा आणि जोडात फेविकॉल भरावे. पाटाला पंख चिकटू नये म्हणून खाली मेणकापड किंवा प्लॅस्टिकचा तुकडा हवा. रात्रभर वाळल्यावर पंखाला उथळ 'व्ही'सारखा आकार येतो. उडणाऱ्या बगळ्याकडे समोरून पाहिले असता जसा दिसतो तसा तो दिसतो. हा उभार शोभेसाठी नसतो. विमान एका बाजूस कलले की ते त्या बाजूला घसरू लागते, खालच्या पंखाला हवा अधिक कोनात भेटते, तो उचलला जातो, आणि विमान सरळ होते. चालक नसलेल्या विमानाचा हाच चालक.

फेविकॉलविषयी एक सूचना. काडीच्या टोकाने लावावे, बोटाने नव्हे. ओघळलेला थेंब म्हणजे वजन. आणि तो शेपटीवर ओघळला तर नाकावर त्याच्या कितीतरी पट वजन लावून त्याची भरपाई करावी लागते, कारण शेपटी तोलाच्या बिंदूपासून लांब असते. तागडीच्या दांडीवर ज्याने बोट ठेवून पाहिले आहे त्याला हे समजावयास पुस्तक नको.

पंख दांड्याला कायमचा चिकटवू नये. त्याच्या पुढच्या कडेखाली तीन मिलिमीटर जाडीची चकती ठेवून रबरबँडने बांधावा. यामुळे पंखाला शेपटीपेक्षा थोडा अधिक कोन मिळतो, म्हणजे पेनोचेच तत्त्व. शिवाय पंख पुढेमागे सरकविता येतो, आणि धडक बसल्यास तो मोडण्याऐवजी निसटतो. पुढचा पंखा पंधरा सेंटिमीटरचा, प्लॅस्टिकचा तयार मिळतो. त्याच्या तारेवर एक काचेचा लहान मणी ओवला की तो सुरळीत फिरतो. पोतीतला मणी उत्तम. मागचा आकडा सेफ्टी पिनेच्या तारेचा होतो. तीन मिलिमीटर रुंदीच्या रबराची वेटोळी या दोन आकड्यांत अडकवावी. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून वापरण्याचा मोह कोणी करू नये. ते रबर जड आणि आळशी असते, घेतलेली शक्ती परत देत नाही. चांगले रबरसुद्धा आपल्याकडच्या उन्हाळ्यात सहज कुजते. त्याला एरंडेलाचे बोट लावावे, काम झाल्यावर पुसून डब्यात घालावे आणि डबा माठाच्या शेजारी ठेवावा.

विमान तयार झाले. ते आता उडवावयाचे नाही. हे वाक्य मी मुलांना तीनदा म्हणावयास लावतो. प्रथम दोन बोटांच्या टोकांवर पंखाखाली ते तोलून पाहावे. पंखाच्या रुंदीचे तीन भाग कल्पिले, तर पुढच्या कडेपासून एक भाग मागे तोल यावा. मग पीळ न देता, गवतावर उभे राहून, डोक्याच्या उंचीवरून, किंचित खाली नाक करून ते हळूच सोडावे. फेकू नये, पाण्यात नाव सोडावी तसे सोडावे. ते सरळ तिरप्या रेषेत जाऊन दहापंधरा पावलांवर बसले तर ठीक. नाक वर करून थबकले, डुबकी खाऊन पुन्हा नाक वर केले, तर पंख अर्धा सेंटिमीटर मागे सरकवावा. दगडासारखे खाली गेले तर पुढे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. दोन बदल एकदम केले की गुण कोणाचा आणि दोष कोणाचा ते समजत नाही. सरकारी कचेरीत एकाच दिवशी दोन परिपत्रके निघाली म्हणजे काय होते, ते येथील नोकरदार मंडळींना सांगावयास नको!

घसरण साधल्यानंतर पीळ. पहिल्या दिवशी शंभरापेक्षा अधिक पीळ देऊ नयेत. पुढे सरावाने तीनशे-चारशेपर्यंत जावे. पंखा एका दिशेने फिरतो तेव्हा विमानाचे अंग उलट दिशेने कलू पाहते, म्हणून पंख्याचा आस किंचित उजवीकडे व किंचित खाली वळवून ठेवतात. साधारणपणे तीस-चाळीस सेकंद हवेत राहिले तर उत्तम समजावे. पेनोची अकरा सेकंदे आपल्या गरौठ्याच्या मुलांनी मागे टाकली आहेत, हे मी घड्याळ हातात धरून पाहिले आहे.

वेळेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण बुंदेलखंडाची हवा ही काही पुस्तकातली हवा नव्हे. चैत्र-वैशाखात सूर्य उगवण्याच्या सुमारास येथे पान हलत नाही. ती अर्धापाऊण तास आपली. नऊ वाजले की जमीन तापते. येथली काळी मार जमीन निराळी तापते, राकड निराळी, कापलेल्या गव्हाचे शेत निराळे. आणि त्या फरकामुळे कोठे कोठे उष्ण हवेचे स्तंभ वर चढू लागतात. घार पंख न हलवता जेथे घिरट्या घेत वर जाते तेथे असा स्तंभ आहे असे समजावे. आपले पंधरा ग्रॅमचे विमान त्यात सापडले तर ते घारीमागे जाते. जगभरच्या स्पर्धांत असे विमान खाली आणण्यासाठी ठराविक वेळाने शेपटी उचलणारी युक्ती वापरतात. पूर्वी ती जळत्या वातीने चालवीत, आता लहान घड्याळी यंत्रे आली आहेत. वातीची पद्धत मी येथे कोणालाही वापरू देणार नाही. गव्हाचे पीक उभे आहे, खळी भरली आहेत. एका ठिणगीने शेतकऱ्याचे वर्ष जाईल.

त्याऐवजी मी माझ्या खात्याचा उपाय सुचवितो. प्रत्येक विमानाच्या पंखावर, खालच्या बाजूस, हलक्या पेन्सिलीने पत्ता लिहावा. मागील चैत्रात येथल्या एका मुलाचे विमान असेच वर चढले. आम्ही सर्वजण माना वर करून पाहत राहिलो. ते आधी चिमणीएवढे, मग माशीएवढे झाले आणि मग दिसेनासे झाले. मुलगा रडला नाही, पण जेवलाही नाही, असे त्याच्या वडिलांनी मला सांगितले. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी सायकलवरून ते घेऊन गावात आला. हरभऱ्याच्या रानात त्याला ते सापडले होते. त्याला पत्ता वाचता आला नाही. त्याने तो शाळेतल्या मुलीकडून वाचवून घेतला आणि आपण होऊन घेऊन आला. पंख शाबूत होता, उभी शेपटी मोडली होती. शेतकऱ्याने त्या मुलाला विचारलेला प्रश्न मला फार आवडला: "इंजन कहाँ है इसमें?" मुलाने रबर दाखविले, पीळ दिला, आणि दोघांनी मिळून ते पोस्टाच्या आवारात पुन्हा सोडले. ते बाभळीत अडकले, ही गोष्ट निराळी.

खर्चाचे आकडे मी कार्यकारिणीला लेखी दिले आहेत. येथे त्यांची उजळणी करीत नाही. बाल्सा मोठ्या शहरातील दुकानांतून टपालाने मागविता येतो. फळ्या दोन प्लायवूडच्या तुकड्यांत बांधून पाठविण्यास सांगावे म्हणजे वाटेत मोडत नाहीत. वीस मुलांना प्रत्येकी एक विमान आणि मोडतोडीसाठी थोडे अधिक सामान एवढी तरतूद पुरेशी आहे. ज्या गृहस्थांना ड्रोनचा कार्यक्रम हवा आहे त्यांच्याशी माझे भांडण नाही. निर्णयापूर्वी त्यांनी उद्या सकाळी एकदा मैदानावर यावे, एवढीच विनंती.

उद्या, म्हणजे रविवारी, पहाटे साडेपाच वाजता आपण गावाबाहेरच्या कापणी झालेल्या शेतात जमणार आहोत. मालकांची परवानगी घेतली आहे. शेजारच्या उभ्या पिकात कोणी शिरू नये. सहा विमाने तयार आहेत, त्यांपैकी चार मुलींनी केलेली आहेत. येताना मुलांनी वही, पेन्सिल आणि पायांत बूट घालून यावे, कारण कापलेल्या गव्हाची खोडे टोचतात. आजीबाईंसाठी खुर्चीची व्यवस्था केली आहे. त्यांनी नातीचे विमान पाहावयास येण्याचे कबूल केले आहे. सात वाजता वारा उठेल, तोपर्यंत आटोपते घेऊ आणि मग चहा.